धरलंय मास्तर

पोहायला शिकवणारी माणसं दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारची 'धरलंय, धरलंय' म्हणतात आणि हळूच हात काढून घेतात. दुसऱ्या प्रकारची 'धरलंय' म्हणतात आणि खरोखर धरून ठेवतात. दुसऱ्या प्रकारात आमच्या ओळखीतला एकच माणूस बसतो, तो म्हणजे माझ्या आईचे वडील. तरणतलावावर त्यांना सगळे धरलंय मास्तर म्हणतात. तोंडावर नुसतं मास्तर, पाठीमागे पूर्ण.

मास्तर मुळात पंपाचे फिटर. तलावाच्या मागच्या खोलीतला पंप खोकायला लागला म्हणून त्यांना बोलावलं होतं. पंप बरा झाला, पण तोवर त्यांना सकाळी तलावावर यायची सवय लागली ती लागलीच. त्या वेळी जो शिकवायचा त्याची पद्धत अशी, की पोराच्या पोटाखाली हात घालायचा, 'बघ, धरलंय' म्हणायचं आणि मध्यावर नेऊन सोडायचं. पोर गटांगळ्या खात, पाणी पीत, रडत काठाला लागायचं. काठावर बाप टाळ्या वाजवायचा. मास्तर हातात पाना घेऊन हे बघत उभे राहायचे. एकदा त्यांनी त्याला विचारलं, "पोराला सांगून का नाही सोडत?"

"सांगितलं तर सोडू देईल का?"

"मग नाही सोडायचं."

"मग शिकणार कधी?"

"सोडा म्हणेल तेव्हा."

या उत्तरावर त्यांना नोकरी मिळाली असं नाही. तो माणूस दुसरीकडे निघून गेला आणि तलावाला कुणीतरी हवं होतं. पण ही गोष्ट सांगताना मास्तर हा शेवटचा भाग गाळतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की त्यांना उत्तरावरच घेतलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक काका आहेत. मास्तर लहान असताना त्या काकांनी त्यांना 'धरलंय रे, घाबरतोस काय' म्हणत विहिरीत नेलं आणि सोडलं. मास्तर पोहायला शिकले. पण त्यानंतर काकांनी काहीही पुढे केलं, अगदी पाण्याचा पेला, तरी मास्तर म्हणायचे, 'खाली ठेवा, मी उचलतो.' काका म्हातारे होऊन वारले तोपर्यंत हेच चाललं. काकांना शेवटपर्यंत वाटत होतं की पुतण्या फार अदबीनं वागतो.

तर मास्तरांची पद्धत. पोराच्या काखेपर्यंत येईल एवढ्या पाण्यात ते कमरेत वाकून चालतात. तळहात पोराच्या पोटाखाली. घाबरलेलं पोर हातावर विटेसारखं बसतं. ते श्वास भरून घ्यायला शिकलं की वजन उतरायला लागतं. मग तळहात काढून दोन बोटं. मग एक बोट. मग एक दिवस असा येतो की पोर बोटावर असतं, पण नसल्यासारखं. त्या दिवशी मास्तर विचारतात, "सोडू?" पोर 'नको' म्हणालं तर नाही. उद्या पुन्हा विचारायचं. पोर स्वतःच्या तोंडानं 'सोडा' म्हणालं, की मगच बोट बाजूला. आणि पोरानं मध्येच कधीही विचारलं, 'मास्तर, धरलंय?' तर जे असेल ते सांगायचं. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द खोटा गेला नव्हता. त्यांच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नाही. पदक नाही, शिट्टीसुद्धा तलावाची आहे.

काठावरच्या आईबापांना ही पद्धत फार संथ वाटते. एक वडील ठरलेले असतात, दर उन्हाळ्यात नवे, पण वाक्य तेच. मोबाइलमधून मान वर करून ते म्हणतात, "मास्तर, आमच्या वेळी आम्हाला सरळ ढकलून दिलं होतं."

"अरे वा," मास्तर म्हणतात. "या ना मग आत."

वडील परत मोबाइलमध्ये.

आजीचं मत वेगळं आहे. "घरात कधी एक पिशवी धरली नाही यांनी. तिकडे आपलं धरलंय धरलंय. इथे शिडी धरा म्हटलं तर पेपर धरतात. मला काय करायचंय." आजीचं कुठलंही मत 'मला काय करायचंय'नं संपतं, आणि त्यानंतर ती आणखी बराच वेळ बोलते.

माझी आई याच पद्धतीनं शिकली. पहिला अख्खा उन्हाळा तिनं 'सोडा' म्हटलंच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणाली, तेही मास्तरांना शिंक येत होती आणि त्यांचा चेहरा बघवेना म्हणून.

या वर्षी पप्पांची बदली कालव्यावरच्या पंपघरात झाली. सोबत राहायला घर. पप्पा घर बघून आले आणि फार खुशीत होते. आईनं विचारलं, "कालवा किती लांब आहे?"

"तसं काही नाहीये. लांब आहे."

"किती?"

"म्हणजे मागच्या दाराला लागूनच आहे, पण मध्ये पायऱ्या आहेत."

"पायऱ्या कुठे जातात?"

पप्पांनी थोडा विचार केला. "कालव्यात," ते म्हणाले.

आई म्हणाली, "धाकटी पोहायला लागल्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. एवढंच." आईचं 'एवढंच' म्हणजे घरातलं शेवटचं कोर्ट. शाळा उघडायच्या आत तिकडे जायचं होतं. म्हणजे हातात एक उन्हाळा होता, आणि त्यातलाही थोडा सामान बांधण्यात जाणार होता.

धाकटी म्हणजे माझी बहीण. वय पाच. तिला घरात वकील म्हणतात. का, ते पहिल्याच दिवशी तलावावर सगळ्यांना कळलं. नाकावरून घसरणारा गॉगल लावून ती पायरीवर बसली आणि पाण्यात उभ्या असलेल्या आजोबांची उलटतपासणी सुरू केली.

"धरलंय म्हणजे किती धरलंय?"

"पूर्ण."

"तुम्हाला शिंक आली तर?"

"तुझ्या आईनं सांगितलं वाटतं."

"आली तर?"

"शिंकेन. हात तिथेच राहील."

"खाज आली तर?"

"दुसऱ्या हातानं खाजवेन."

"दुसऱ्या हातालाच आली तर?"

मास्तरांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "तर तू खाजव."

"चालेल," वकील म्हणाली आणि पाण्यात उतरली. मात्र एक अट घातली. मध्ये मध्ये ती स्वतःचा हात पोटाखाली घालून आजोबांचा हात जागेवर आहे का ते चाचपून बघणार. मास्तरांनी अट मान्य केली. आजवर असं कुणी मागितलं नव्हतं, पण मागण्यात चूक काही नव्हती.

आता त्या हाताबद्दल.

मास्तरांचा उजवा हात हिवाळ्यापासून बिघडला होता. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या आणि त्याला मास्तर बरं वाटलं असं समजले. मग आजीच्या लक्षात आलं की हे शर्टाची बटणं खाली बघून लावतात. मग एकदा त्यांनी गॅसवरचं पातेलं चिमट्याशिवाय उतरवून ओट्यावर ठेवलं आणि निवांत पेपर वाचत बसले. आजीनं त्यांची बोटं बघितली. लाल झाली होती.

"हा हात तुमचा आहे का शेजाऱ्यांचा?"

"काय झालं?"

"मलाच विचारा काय झालं. उद्या डॉक्टरकडे चला."

"उन्हाळा संपू दे."

"हाताचा आणि उन्हाळ्याचा काय संबंध?"

संबंध असा होता, की डॉक्टरकडे गेलं की हात बिघडल्याचं ठरणार. ठरलं की तलावाच्या साहेबांना सांगावं लागणार. साहेबांना सांगितलं की लहान मुलांची बॅच जाणार. आणि बॅच गेली की वकिलीणबाईंना पोहायला कोण शिकवणार? तलावावर नुकताच लागलेला तो नवा पोरगा? तो तर सोडून देतो. म्हणून मास्तरांनी आजीला गळ घातली की धाकटी पोहायला लागली की त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊ, तोवर कुणाला बोलू नकोस. आजी म्हणाली, "मी कशाला बोलू. मला काय करायचंय." आणि खरंच बोलली नाही. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं, तेही 'मी काही सांगणार नाही हं' अशी सुरुवात करून.

पाण्यात मास्तरांनी तोड काढली होती. हाताला कळत नाही ते डोळ्यानं बघायचं. पाणी स्वच्छ असलं की स्वतःचा हात कुठे आहे ते दिसतं. पोराच्या पाठीवर पाण्याची रेघ कुठे येते त्यावरून वजनाचा अंदाज येतो. एका बोटाचा टप्पा त्यांनी गुपचूप बंद केला आणि सगळ्यांना तळहातावरच ठेवलं. पोरं सुरक्षित होती, फक्त कुणी पुढे सरकत नव्हतं. मास्तर 'सोडू?' असं विचारतच नव्हते. कधी विचारायचं हे सांगणारा हात गप्प होता, आणि डोळ्यांवर तेवढा भरवसा त्यांना टाकवेना.

तलावाचे साहेब हे पाहत होते. साहेब साधं बोलतच नाहीत, ते सूचना देतात. समोर एकच माणूस असला तरी माइकवर बोलल्यासारखं. "मास्तर, सूचना अशी आहे, की पालकांकडून विचारणा होत आहे, की बॅच पुढे का जात नाही."

"पोरं कच्ची आहेत यंदा."

"सर्वच्या सर्व?"

"सर्वच्या सर्व."

"नोंद घेण्यात आली आहे," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या चपला शोधायला गेले.

वकील मात्र पुढे सरकत होती, हे काठावरून दिसायचं. तिचे पाय सरळ झाले होते. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायची, मग वर येऊन एखादा प्रश्न विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत तरंगत राहायची. "आजोबा, मासे तहान लागल्यावर काय करतात?" "आजोबा, हे पाणी रात्री झोपतं का?" अधूनमधून हात पोटाखाली. हात जागेवर. ठीक आहे, पुढे. आई काठावरून म्हणायची, "बाबा, विचारा ना आता तिला."

"अजून वजन आहे."

"मला तर दिसत नाही."

"वजन दिसत नसतं."

हे ते आपल्याच लेकीला, आपल्याच पद्धतीनं शिकलेल्या लेकीला सांगत होते.  तिनं त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

असं करता करता शेवटचा दिवस आला. दुपारी टेंपो येणार होता. घरातल्या भिंतींवर जिथे कपाटं होती तिथे फिके चौकोन उरले होते. पप्पा दोरी शोधत होते, आणि दोरी कुठल्या खोक्यात बांधली ते कुणालाच आठवत नव्हतं. आई म्हणाली, "आज ती पोहली नाही तर टेंपोत सामान जाईल, मी आणि मुलं इथेच बाबांकडे राहू. एवढंच." पप्पा म्हणाले, "तसं काही नाहीये," आणि दोरी शोधायला लागले.

तलावावर गेलो तर पाणी दुधाळ. फिल्टर रात्रीतून नीट चालला नव्हता. साहेब काठावर उभे राहून सूचना देत होते की पाणी वापरण्यास योग्य आहे, फक्त तळ दिसणार नाही, कृपया सहकार्य करावं. फिल्टरचा व्हॉल्व्ह आदल्या संध्याकाळी मास्तरांनीच आवळला होता. हाताला वाटला तेवढा तो आवळला गेला नव्हता.

मास्तर पायरीवर उभे राहून पाण्याकडे बघत राहिले. तसे ते कधी उभे राहत नाहीत. आई म्हणाली, "काय झालं?"

"पाणी गढूळ आहे."

"मग?"

मग काय, ते त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. वकील केव्हाच उतरली होती आणि गॉगल सारखा करत उभी होती. मास्तर उतरले.

सुरुवात नेहमीसारखी झाली. तळहात पोटाखाली, मास्तर कमरेत वाकलेले, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे. खांद्यापासून कोपरापर्यंत त्यांचा हात दिसत होता, पुढचा दुधात गेलेला. वकिलीचे पाय चालू. फार सुंदर नाही, पण चालू.

"आजोबा, धरलंय?"

"धरलंय."

ती मध्यावर आली. त्या दिवशी पाण्यात ती कधी नव्हे ती निवांत होती. बहुधा खालचं काहीच दिसत नव्हतं म्हणून. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत मागे मागे सरकत होते. ती जराशी डावीकडे वळली. मास्तरांचा दंड काही वळला नाही. आईनं माझा हात घट्ट पकडला. मला आधी कळलं नाही की का. मग दिसलं. वकील जिथे होती आणि मास्तरांचा कोपर जिथे होता, त्या दोन जागांचा मेळ बसत नव्हता. त्या कोपराला जोडलेला तळहात तिच्या पोटाखाली पोचायचा तर तो फार लांब असायला हवा होता.

"आजोबा, धरलंय?"

"धरलंय गं. धरलंय," मास्तर म्हणाले.

वकिलीनं हात पोटाखाली घातला. चाचपला. पुन्हा चाचपला. मग पाय खाली टेकवून ती उभी राहिली आणि गॉगल कपाळावर सरकवला.

"हात कुठे आहे?"

"हा काय," म्हणत मास्तरांनी हात वर काढला. तो भलतीकडेच वर आला. तिच्यापासून चांगला लांब. हाताचा मालकही त्याच्याकडे बघत राहिला.

"तो तिथे नव्हता," वकील म्हणाली.

आई काठावरून ओरडली, "अगं, तू पोहलीस. एकटी पोहलीस तू."

"ते नंतर," वकील म्हणाली. "आजोबा म्हणाले धरलंय, आणि धरलं नव्हतं."

 मोबाइलवाले वडीलसुद्धा वर बघत होते. आणि मग साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा मास्तर. शेवटी युक्ती वापरलीतच तुम्ही. मी कधीपासून म्हणत होतो. धरलंय म्हणायचं आणि सोडायचं. बघा, मूल पोहलं की नाही?"

वडील म्हणाले, "हेच तर आम्ही सांगत होतो."

सगळे हसले. मास्तरांना फक्त मान डोलवायची होती. मूल पोहलं होतं, लेक कालव्यावर जायला मोकळी झाली होती, बॅच राहिली असती, हात खिशात राहिला असता. एवढी माणसं एका मताची त्या तलावावर यापूर्वी कधी झाली नव्हती.

मास्तर पाण्यात उभेच होते. वकील त्यांच्याकडे बघत होती. काकांच्या हातातला पेला खाली ठेवायला सांगणारं पोर जसं बघत असेल, तसंच. मास्तरांनाही तेच आठवलं असावं, पण ते मी त्यांना विचारलेलं नाही.

"युक्ती नाही साहेब," ते म्हणाले. "मला वाटलं, धरलंय. मला कळलंच नाही." मग त्यांनी उजवा हात दुसऱ्या हातानं उचलून, कुणाची वस्तू परत करावी तसा वकिलीसमोर धरला. "याला कळत नाही काही. हिवाळ्यापासून."

वकिलीनं तो हात घेतला. तळव्यावर चिमटा काढला. "हे कळतं?"

"नाही."

करंगळी मागे वाकवली. "हे?"

"नाही."

मग तिनं अंगठ्याला सरळ चावा घेतला. आई म्हणाली, "अगं." मास्तर म्हणाले, "नाही."

"मग मला आधी सांगायचं ना," वकील म्हणाली.

"हो. सांगायला हवं होतं."

"तो दुसरा?"

"तो चांगला आहे."

"मग त्यानं धरा."

मास्तरांनी बाजू बदलली. अख्खं आयुष्य उजव्या हातानं शिकवलेला माणूस डाव्या बाजूला जरा घोटाळला, पाय अडखळला. वकील पाण्यावर आडवी झाली. डावा तळहात पोटाखाली गेला. त्या क्षणी मास्तरांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणायचं का ते मला माहीत नाही. आरशात दुसऱ्याचं तोंड दिसावं तसा चेहरा झाला. ते पुढे निघाले, ती पुढे निघाली.

"धरलंय?"

"नाही," मास्तर म्हणाले. "हात खाली आहे. पण तू त्याला लागत नाहीयेस."

पाय थोडे घाबरले, पण चालू राहिले. "कधीपासून?"

"आता निघाल्यापासून. आधीचं मला सांगता येणार नाही."

तिनं हात खाली घालून चाचपलं. हात होता. एका बोटाच्या अंतरावर, पण होता. "मग सोडू का?" मास्तरांनी विचारलं.

"नको," वकील म्हणाली. "असाच राहू दे."

आणि पलीकडच्या काठापर्यंत ती तशीच गेली. काठाला हात लावून तिनं मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "आता परत. आता सोडा."

मास्तरांनी हात पाण्याबाहेर काढला, तिला दिसेल असा वर धरला, आणि तसाच धरून तिच्या शेजारून चालत राहिले. येताना ती दोनदा पाणी प्यायली आणि एकदा चुकून मोबाइलवाल्या वडिलांच्या पोराला लाथ मारली. पण आली.

कपडे बदलून मास्तर साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच असतं, कारण ते लागत नाही. "साहेब, उद्यापासून बॅच दुसऱ्या कुणाला तरी द्या."

साहेबांनी घसा साफ केला. सूचना येणार असं वाटलं. पण ते साध्या आवाजात म्हणाले, "पण मास्तर, कुणाला?" मास्तर पंपाची खोली उघडून व्हॉल्व्ह पुन्हा आवळायला गेले. डाव्या हातानं.

बॅच नव्या पोरग्याला मिळाली. तो 'धरलंय, धरलंय' म्हणतो आणि सोडतो. बॅच वेगानं पुढे जाते. पालक खूश आहेत आणि पोरं पाणी पितात. साहेबांनी मास्तरांना एकदा निरोप पाठवला होता की नुसतं काठावर खुर्ची टाकून बसा. मास्तर म्हणाले, खुर्चीवर बसून काय धरू.

धाकटी पोहली त्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे, ते डॉक्टरकडे गेले. आजीला शब्द दिला होता, तेव्हा सुटका नव्हती. डॉक्टर म्हणाले मानेतली शीर दबली आहे, थोडंफार परत येईल, वेळ लागेल. व्यायामाला रबरी चेंडू दिला. आजीचा अहवाल असा आहे, "दिवसभर तो चेंडू दाबतात आणि मलाच विचारतात, दाबला का. मी आता स्वयंपाक करू का यांच्या चेंडूवर लक्ष ठेवू? मला काय करायचंय. आज मात्र जरा बरा दाबला."

कालव्यावरचं घर बरं आहे. मागच्या दाराला आईनं वर कडी लावून घेतली, वकिलीचा हात पोचणार नाही अशी. वकिलीनं त्याबद्दल हरकत नोंदवली. ती म्हणते, मला पोहता येतं, मग कडी कुणासाठी? आई म्हणते, पप्पांसाठी. पप्पा म्हणतात, तसं काही नाहीये.

मागच्या रविवारी आजी-आजोबा घर बघायला आले होते. जेवण झाल्यावर आजोबांनी कडी काढली आणि वकिलीला कालवा दाखवायला पायऱ्यांवर नेलं. खरं तर ती त्यांना दाखवत होती. पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाणी हिरवं, जोरात वाहणारं, तलावाशी काही संबंध नसलेलं. एवढं पाणी एका दिशेनं जाताना तिनं जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिच्या तोंडून बराच वेळ एकही प्रश्न निघाला नाही.

मग तिनं वर न बघता, त्यांच्या बाजूला हात सरकवून विचारलं, "आजोबा, धरलंय?"



"थांब," ते म्हणाले. "बघून सांगतो."

त्यांनी खाली वाकून बघितलं. तिचा हात त्यांच्या उजव्या हातात होता. बोटं तिच्या बोटांवर मिटलेली होती. ती जराशी आणखी मिटली का तेही त्यांनी बघून घेतलं.

"धरलंय," ते म्हणाले.